नकाराची परीक्षा

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात, विज्ञानप्रदर्शनाच्या दालनात एक लहानसा प्रसंग घडला. तो पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या स्मरणात आज राहिलाही नसेल. आम्हांस मात्र तो विसरता आलेला नाही; किंबहुना तो कोणीच विसरू नये असे आम्हांस वाटते, आणि म्हणूनच या वार्षिकाची काही पाने आम्ही त्यासाठी मागून घेतली आहेत.

नववीच्या चार विद्यार्थ्यांनी मिळून एक प्रोग्रॅम तयार केला होता. संगणककक्षात काम करू इच्छिणाऱ्याने आपले नाव आणि परवलीचा शब्द, म्हणजे ज्यास आपण सर्रास पासवर्ड म्हणतो तो, टाकावा; प्रोग्रॅमने तो शेजारच्या खोलीतील सर्व्हरकडे पाठवावा; सर्व्हरने 'हो' म्हटले की पडद्यावर 'स्वागत असो' ही अक्षरे उमटावीत, अशी योजना होती. सर्व्हर म्हणजे शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने भेट दिलेला जुना संगणक. पालक येत होते, मुले खरा शब्द टाकीत होती, अक्षरे उमटत होती आणि टाळ्या पडत होत्या. एका चौकस गृहस्थांनी मुद्दाम खोटा शब्द टाकून पाहिला. पडद्याने 'प्रवेश नाही' असे रोखठोक सांगितले आणि टाळ्यांचा आवाज अधिकच वाढला.

दुपारच्या गर्दीत एका लहानग्याचा पाय तारेत अडकला आणि सर्व्हरशी जोडणारी तार निसटली. कोणाच्याच ते ध्यानी आले नाही. पुढच्या पाहुण्यांनी गंमत म्हणून आपले स्वतःचे नाव आणि मनास येईल तो शब्द टाकला. प्रोग्रॅम काही क्षण घुटमळला, आणि मग पडद्यावर तीच अक्षरे झळकली : 'स्वागत असो!'

मुलांचे चेहरे उतरले. सायंकाळी दालन बंद झाल्यावर त्यांनी प्रोग्रॅम ओळीओळीने वाचून काढला, तेव्हा उलगडा झाला. आरंभीच त्यांनी 'प्रवेश आहे' असे गृहीत धरले होते, आणि सर्व्हरने स्पष्ट 'नाही' म्हटले तरच ते बदलावे, असे लिहिले होते. तार तुटल्यामुळे सर्व्हरने 'हो'ही म्हटले नाही आणि 'नाही'ही म्हटले नाही. चौघांपैकी एकीने काकुळतीने म्हटले, "सर, पण सर्व्हरनं नाही म्हटलंच नव्हतं ना!"

आमच्या काही सहकाऱ्यांनी मुलांची समजूत घातली. तार निसटली हा अपघात होता, प्रोग्रॅम काही चुकीचा नव्हता, एवढ्यातेवढ्याने हिरमुसले होऊ नये, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांच्या वात्सल्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्यांचे मत आम्हांस मान्य नाही. प्रोग्रॅम चुकलेलाच होता. तो सकाळपासून चुकलेला होता. दुपारच्या अपघाताने ती चूक केवळ दृष्टीस पडली. आमच्या फाटकावर बसणारे शिपाईमामा अनोळखी माणूस आला की कार्यालयात विचारणा करतात. कार्यालयातून काहीच उत्तर आले नाही, तर 'नको म्हटले नाही' म्हणून ते फाटक उघडत नाहीत. जे शिपाईमामांस न शिकविता कळते, ते यंत्रास मात्र लिहून द्यावे लागते; आणि लिहून दिलेले यंत्रास कळले की नाही, हे परीक्षा घेतल्यावाचून आपल्यास कळत नाही.

येथे विषयाची थोडी फोड करणे अवश्य आहे. प्रोग्रॅम लिहिणारे लोक पुनःपुन्हा लागणारे काम एकदाच नीट लिहून ठेवतात आणि इतरांस ते तयार वापरता यावे अशी सोय करतात. अशा तयार संचास त्यांच्या बोलीत 'लायब्ररी' म्हणतात. पुस्तकांच्या ग्रंथालयाशी तिचे नाते नावापुरतेच. आमच्या मुलांनी लिहिली ती अशीच एक छोटी लायब्ररी होती. जो संगणक विचारतो तो क्लायंट, आणि जो उत्तर देतो तो सर्व्हर. मुलांची लायब्ररी ही विचारणाऱ्याच्या बाजूची, म्हणजे दारावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची. आत कोण येऊ शकेल याची वही तिच्यापाशी नसते. ती फक्त आत विचारते आणि आलेले उत्तर पाळते. काम दिसण्यास सोपे आहे. तथापि विचारलेले नीट पोहोचले काय, आलेले उत्तर खरोखरच आतून आले काय, आणि उत्तर आलेच नाही तर काय करावयाचे, या तीन प्रश्नांत सारे अवघडपण साठलेले आहे.

मुलांनी ज्या पद्धतीने ही विचारपूस केली, तिचे नाव 'रेडियस'. १९९१ साली अमेरिकेत लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या कंपनीने ती प्रथम तयार केली. टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडण्याचे ते दिवस होते. ते दिवस गेले, पण पद्धत राहिली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या नियमपत्रकास अनुसरून आजही अनेक विद्यापीठांतून आणि मोठ्या कचेऱ्यांतून वाय-फायवर येणाऱ्याची ओळख पटविली जाते. आमचे विद्यार्थी उद्या महाविद्यालयात जातील, तेव्हा त्यांचा पासवर्ड बहुधा याच वाटेने प्रवास करील.

या पद्धतीत क्लायंट आणि सर्व्हर यांच्यामध्ये एक गुप्त शब्द आधीच ठरलेला असतो. क्लायंट प्रश्न पाठविताना त्यावर ० ते २५५ यांपैकी एक क्रमांक घालतो आणि सोबत १६ बाइटांची, म्हणजे १६ अंकघरांची, एक यदृच्छया निवडलेली संख्या पाठवितो. सर्व्हरच्या उत्तरावर त्याचा प्रकार सांगणारा अंक असतो : २ म्हणजे प्रवेश द्यावा, ३ म्हणजे नाकारावा, ११ म्हणजे आणखी काही विचारावे. त्याखेरीज उत्तरावर १६ बाइटांची एक मुद्रा असते. उत्तराचा मजकूर, क्लायंटने पाठविलेली ती संख्या आणि दोघांतील गुप्त शब्द या सर्वांवर गणित करून ती मुद्रा सिद्ध होते. क्लायंटने तेच गणित स्वतः करून पाहावे आणि मुद्रा जुळली तरच उत्तर खरे मानावे, असा नियम आहे. जुन्या काळी जासूद आला की खलित्यावरील शिक्का आधी पाहत, मजकूर मागाहून वाचीत. तशातलाच हा प्रकार.

आता प्रश्न असा की, अशा लायब्ररीची परीक्षा घ्यावयाची कशी? प्रदर्शनाच्या आधी मुलांनी जी घेतली होती, ती खऱ्या शब्दाची आणि एका खोट्या शब्दाची. आपल्या शाळांतून जिला आपण 'घटक चाचणी' म्हणतो, तेच नाव, मोठ्या योगायोगाने, प्रोग्रॅमच्या एकेका भागाच्या परीक्षेसही आहे. परंतु आमच्या वर्गातील घटक चाचणीत विद्यार्थ्यास काय येते हे आम्ही विचारतो. पहारेकऱ्याच्या चाचणीत तेवढ्याने भागत नाही. स्वतःच्या किल्लीने कुलूप उघडते, हे पाहून कोणी कुलूप विकत घेत नाही. दुसऱ्याच्या किल्लीने ते उघडत नाही, हे पाहून घेतो. ज्याचे कामच अडविण्याचे आहे, त्याची परीक्षा त्याच्या नकारावरून केली पाहिजे, हे आमचे या लेखातील मुख्य म्हणणे आहे.

कोणी म्हणेल, नववीच्या मुलांच्या हातून राहिलेली एक उणीव घेऊन एवढे तत्त्वज्ञान कशास? तर जगातील थोर थोर प्रोग्रॅमकारांच्या हातून काय झाले, तेही पाहावे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या फोनमधील एक दोष दुरुस्त केला. समोरचा सर्व्हर खराच तो आहे काय, हे त्याच्या संगणकी सहीवरून ताडून पाहणाऱ्या भागात एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. त्या जादा ओळीमुळे सही पडताळण्याची अखेरची पायरी वगळली जाई आणि 'सर्व ठीक' असे उत्तर मिळे. खऱ्या सहीने परीक्षा घेतली तर सर्व ठीकच होते! मुद्दाम बिघडविलेली एक सही पुढे केली असती, तर दोष तत्काळ हाती लागला असता.

२०१२ च्या जूनमध्ये मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या माहिती साठविण्याच्या प्रसिद्ध प्रणालींतील दोष उघडकीस आला. आलेला आणि अपेक्षित असे दोन संकेत ताडून पाहिल्यावर येणारे फल मोठ्या अंकाचे असे. ते लहान अंकाच्या घरात कोंबले जाई. काही संगणकांवर त्यामुळे सरासरी २५६ वेळांत एकदा प्रत्यक्षातला फरक शून्य ठरे, आणि खोटा पासवर्ड खरा मानला जाई. म्हणजे खऱ्या शब्दाची चाचणी उत्तीर्ण, एकदा टाकलेल्या खोट्या शब्दाची चाचणीही बहुधा उत्तीर्ण. आणि तरीही तोच खोटा शब्द चिकाटीने तीनशे वेळा टाकणाऱ्यास दार बहुधा उघडे!

ऑक्टोबर २०१८ मध्ये 'लिबएसएसएच' नावाच्या लायब्ररीत सापडलेला दोष तर हसावे की रडावे असा होता. तो सर्व्हरच्या बाजूस होता. ओळख पटली की सर्व्हरने पाहुण्यास 'तुझी ओळख पटली' असा निरोप द्यावयाचा असतो. परंतु पाहुण्यानेच, काहीही न सिद्ध करता, 'ओळख पटली' हा निरोप सर्व्हरला धाडला, तर सर्व्हर तो मान्य करून त्यास आत घेई. कारण असा उलटा निरोप कोणी धाडील, ही कल्पनाच लिहिणाऱ्यांच्या मनास शिवली नव्हती. या चुका बुद्धीच्या उणिवेने झालेल्या नाहीत. आपण जे लिहिले ते सरळपणे चालते, एवढे पाहून मनुष्याचे मन निवांत होते. त्या निवांतपणातून त्या झालेल्या आहेत.

आमच्या त्या चार विद्यार्थ्यांनी मात्र मन निवांत होऊ दिले नाही, हे सांगण्यास आम्हांस अभिमान वाटतो. संमेलनानंतर त्यांनी एक तोतया सर्व्हर लिहिला. त्याचे काम एकच : आपल्याच लायब्ररीस हर तऱ्हेने फसवून पाहणे. तो कधी उत्तरच देई ना. कधी इतक्या उशिरा देई की प्रश्न शिळा होऊन गेलेला असे. कधी एकच उत्तर दोनदा देई. कधी मुद्रेतील एकच अंक बदली, कधी दुसऱ्याच क्रमांकाच्या प्रश्नाचे उत्तर पुढे करी. कधी उत्तराची लांबी ४० बाइट आहे असे सांगून २० बाइटच पाठवी, तर कधी नियमपत्रकात नसलेला भलताच अंक उत्तरावर घाली. कोणत्या प्रकारास लायब्ररीने काय केले पाहिजे, हे मुलांनी आधी वहीत लिहिले आणि मग प्रत्यक्षात काय केले, ते समोरच्या रकान्यात मांडले. वहीची चार पाने भरली, आणि त्यांतील दोष पाहून मुले प्रथम खिन्न आणि मागाहून उत्साहित झाली.

त्या वहीतील दोन नोंदी आमच्या मते विशेष बोधप्रद आहेत.

पहिली नोंद खोट्या मुद्रेची. मुद्रा जुळली नाही की लायब्ररीने लगेच 'प्रवेश नाही' म्हणावे, असे मुलांनी आरंभी ठरविले होते. नकाराचा धडा त्यांनी चांगलाच घोकला होता! परंतु नियमपत्रक सांगते की, असे उत्तर निमूटपणे टाकून द्यावे आणि खऱ्या उत्तराची वाट पाहत राहावे. याचे कारण मुलांस वादविवादानंतर उमगले. खोट्या उत्तरास 'नाही' मानले, तर कोणीही उपद्व्यापी मनुष्य खोटी उत्तरे धाडून खऱ्या विद्यार्थ्यास दाराबाहेर ठेवू शकेल. खोटे उत्तर हे 'हो' नव्हे, तसेच ते 'नाही'ही नव्हे. ते उत्तरच नव्हे. ठरावीक वेळ वाट पाहूनही खरे उत्तर आले नाही, तर मात्र दार बंद ठेवावयाचे.

दुसरी नोंद अधिक जिव्हाळ्याची आहे, कारण ती आपल्या भाषेसंबंधी आहे. एका विद्यार्थिनीने आपला परवलीचा शब्द म्हणून 'सह्याद्री' हा शब्द निवडला. तो खरा असूनही तिला प्रवेश मिळेना. इंग्रजी शब्द घेतलेल्या तिच्या मैत्रिणींस मात्र मिळे. शोध घेता असे आढळले की, रेडियस पद्धतीत परवलीचा शब्द १६ बाइटांचे गठ्ठे करून, गुप्त शब्दाच्या साहाय्याने झाकून पाठवितात. १६ बाइटांत मावला तर एक गठ्ठा, न मावला तर दुसरा. रोमन लिपीतील साधे अक्षर एका बाइटात बसते. परंतु आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो, वेलांटी असो की पाय मोडण्याची खूण असो, तीन बाइट घेते. 'सह्याद्री' या तीन अक्षरी शब्दात अशी ९ चिन्हे आहेत. म्हणजे २७ बाइट झाले. मुलांच्या लायब्ररीने दुसऱ्या गठ्ठ्याचा विचारच केलेला नव्हता. पहिले १६ बाइट पाठवून ती स्वस्थ बसे, आणि सर्व्हर अर्धवट शब्द पाहून योग्यच नकार देई.

बेळगावच्या परिसरातील आमच्यासारख्या शाळेत या नोंदीचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको. येथे मुले घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड वाचतात आणि यंत्रावर इंग्रजी लिहितात. कन्नड चिन्हेही त्या पद्धतीत तीन-तीन बाइटच घेतात. ज्याने केवळ इंग्रजी शब्द टाकून लायब्ररीची परीक्षा घेतली, त्याच्या लेखी ती निर्दोष होती. आणि आमची एक मुलगी मात्र आपल्याच शाळेच्या दाराशी परकी ठरली होती. म्हणून नकाराची परीक्षा घ्यावी असे आम्ही म्हणतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी म्हणतो. परक्यास आत घेणे हा जसा पहारेकऱ्याचा दोष, तसाच घरच्या माणसास बाहेर ठेवणे हाही दोषच आहे. पहिल्या दोषाने चोरी होते. दुसऱ्या दोषाने गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे हेही न कळणारा मनुष्य मुकाट्याने परत जातो. आणि तो परत गेला, हे कोणाच्या वहीत नोंदलेही जात नाही.

आता या मताविरुद्धचे आक्षेप पाहू. पहिला आक्षेप वेळेचा. प्रोग्रॅम लिहिण्यास एक महिना आणि तो मोडून पाहण्यास दोन महिने, हा कोठला न्याय, असे विचारण्यात आले. आमचे उत्तर असे की, मुले त्या दोन महिन्यांत अधिक शिकली. पहिल्या महिन्यात त्यांनी यंत्रास काय सांगावे हे जाणले. पुढील दोन महिन्यांत आपण काय गृहीत धरून चाललो होतो, हे जाणले. साल्ट्झर आणि श्रोडर या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या रक्षणासंबंधी एक निबंध लिहिला. नकार हा मूळचा धरावा आणि परवानगीस कारण लागावे, असे तत्त्व त्यांनी त्यात मांडले आहे. आमच्या मुलांनी तो निबंध वाचलेला नव्हता. तुटलेल्या तारेने त्यांस तेथवर नेले, आणि अशा रीतीने पटलेले तत्त्व सहसा विसरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलांस दार फोडण्याच्या युक्त्या शिकविल्या, तर ती उद्या कोणाचे दार फोडतील, अशी भीती काही पालकांनी बोलून दाखविली. ही भीती अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा आपल्या देशात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याविरुद्ध आहे, आणि अप्रामाणिक हेतूने तसे केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे मुलांस प्रथम दिवशीच सांगितले पाहिजे, आणि आम्ही ते सांगितलेही. परंतु परीक्षक आणि चोर यांतील भेद युक्त्यांत नसतो. तो कोणाच्या दारावर, कोणाच्या संमतीने आणि सापडलेली वाट मागाहून कोणास सांगितली, यात असतो.

रायगडाची आख्यायिका या ठिकाणी आठवते. गडाचे काम पुरे झाल्यावर महाराजांनी भर सभेत जाहीर केले की, दरवाजाची वाट सोडून, शिडी अथवा दोर न वापरता जो कोणी गड चढून येईल, त्यास होनांची थैली आणि सोन्याचे कडे मिळेल. एक गडी पुढे आला. तो महार समाजातील होता, असे सांगतात. त्याने कडा चढून जाऊन वर निशाण लावले. महाराजांनी त्याचा गौरव केला आणि ती वाट बंद करविली. हिरकणीची गोष्ट तर आपल्यास लहानपणापासून ठाऊक आहे. दरवाजे मिटले म्हणजे गड मिटला, असे सर्वांनी धरले होते. तान्ह्या लेकरासाठी कडा उतरून गेलेल्या त्या माउलीने ते खरे नाही हे दाखविले. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधविला, असे लोक सांगत आले आहेत. या कथा इतिहासाच्या कसोटीस किती उतरतील ते इतिहासकार पाहोत. त्यांतील शहाणपणास मात्र कसोटीची भीती नाही. उणीव दाखविणाऱ्यावर जो राजा रागावतो, त्याच्या गडाच्या उणिवा शत्रूच प्रथम पाहतो.

एक गोष्ट येथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कितीही चाचण्या केल्या तरी त्यांनी निर्दोषपणा सिद्ध होत नाही. शोधलेले दोष सापडले, एवढेच सिद्ध होते. रेडियसचेच उदाहरण घ्या. त्यातील मुद्रा ज्या गणिताने सिद्ध होते, ते 'एमडी५' नावाचे गणित १९९१ सालचे आहे. निराळ्या मजकुरांची एकच मुद्रा निघेल अशा जोड्या घडविता येतात, हे चिनी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले. तरीही हे गणित रेडियसमध्ये राहिले. जुलै २०२४ मध्ये संशोधकांच्या एका गटाने 'ब्लास्ट-रेडियस' या नावाने असे सिद्ध केले की, क्लायंट आणि सर्व्हर यांच्या मधल्या वाटेवर बसलेला मनुष्य, गुप्त शब्द ठाऊक नसतानाही, सर्व्हरच्या 'नाही'चे 'हो' करू शकतो. ज्या मुद्रेवर भिस्त ठेवावयाची, तीच बनावट करता येऊ लागली. आता उपाय म्हणून प्रश्नावर आणि उत्तरावर अधिक बळकट अशी दुसरी मुद्रा घालतात. ती नसलेले उत्तर लायब्ररीने स्वीकारता कामा नये. आमच्या मुलांच्या वहीत त्यामुळे पाचवे पान उघडले गेले. तोतया सर्व्हर आता दुसरी मुद्रा नसलेले 'हो'ही पाठवितो, आणि लायब्ररी ते टाकून देते की नाही, हे पाहतो. अशी वही कधीच मिटत नाही. ती मिटली असे ज्याने मानले, तो पुन्हा त्या निवांतपणात गेला.

पालकांस हा सारा संगणकाच्या अंतरंगातला मामला वाटेल. परंतु आज आपल्या घरातील बँकेचे खाते, मुलांचा निकाल, आजोबांचे निवृत्तिवेतन, यांपैकी कशाचे दार असे नाही की जेथे नाव आणि परवलीचा शब्द विचारणारा यांत्रिक पहारेकरी उभा नाही. ते पहारेकरी कोणीतरी लिहिलेले असतात. आजच्या नववीतील मुलेच उद्या ते लिहिणार आहेत. खरा शब्द टाकला, दार उघडले, टाळ्या पडल्या, एवढ्यावर समाधान मानण्याची सवय जर शाळेतच जडली, तर उद्या त्याची किंमत दुसऱ्याच कोणाच्या घरास मोजावी लागेल.

म्हणून आमची एक सूचना आहे. येत्या प्रदर्शनात संगणकाचा जो जो प्रकल्प मांडला जाईल, त्याच्याशेजारी एक वही ठेवावी. डाव्या रकान्यात या प्रकल्पाने काय काय नाकारले पाहिजे, आणि कोणास मुळीच नाकारता कामा नये, ते लिहावे. उजव्या रकान्यात ते करून पाहिल्याचा दिनांक आणि निकाल असावा. तार मुद्दाम काढून ठेवावी. पाहुण्यांस देवनागरीत, कन्नडमध्ये, मनास येईल त्या लिपीत लिहू द्यावे. आणि जो विद्यार्थी दुसऱ्याच्या प्रकल्पातील दोष, त्याच्या संमतीने शोधून त्यास प्रथम सांगेल, त्यास प्रकल्प करणाऱ्याच्या बरोबरीचे पारितोषिक द्यावे. सोन्याचे कडे देण्याचे सामर्थ्य शाळेपाशी नाही, पण एक चांगले पुस्तक देता येईल.

त्या चौघांची लायब्ररी यंदा पुन्हा मांडली जाणार आहे. 'सह्याद्री' हा शब्द आता तिला कळतो. आमची वाचकांस विनंती एवढीच की, दालनात आल्यावर नुसत्या टाळ्या वाजवून पुढे जाऊ नये. जरा थांबावे, तार काढावी आणि काय होते ते पाहावे.